प्रतिसाद: रिओ तिंतोचा लाल रंग

वर काकूंनी विचारलंय, स्पेनची रिओ तिंतो नदी खाणीच्या सांडपाण्यानेच लाल झाली का? फक्त त्यानेच नाही. तिथल्या खडकात लोह आणि गंधक भरपूर. त्यावर जगणारे जिवाणू पाणी आम्लधर्मी करतात (पीएच सुमारे २) आणि विरघळलेल्या लोहाने रंग येतो. हजारो वर्षांच्या खाणकामाने त्यात भर घातली, हेही खरंच. आपल्या इंदूरच्या कान्ह नदीसारखा तो गटाराचा काळेपणा नव्हे.

उथळ पाणी आमसुलाच्या सारासारखं नितळ लाल, काठच्या दगडांवर पिवळी-केशरी पुटं. मंगळाचा अभ्यास करणारे नासाचे शास्त्रज्ञही तिथे काम करून गेलेत. पाण्यात हात मात्र घालू नका. सेव्हिलहून जाणार असाल तर जुन्या खाणरेल्वेची नदीकाठची फेरी अजिबात चुकवू नका.