पेटी वाजवतो, ऑनलाईन कोलॅबमध्ये पहिल्यांदाच पडलोय, ट्रॅक जुळतच नाहीये

गिरगावची_पेटी:
नमस्कार मंडळी. बारा वर्षं पेटी वाजवतोय, भजनाला, गणपतीत, कोणाला साथ हवी असेल तर, पण हे बँडलॅबचं (घरबसल्या एकमेकांच्या ट्रॅकवर वाजवायचं अ‍ॅप) प्रकरण एकदम नवीन. तिथे एका मुलाचा गिटारचा ट्रॅक ओपन दिसला, म्हटलं चला वाजवूया. फोनवरच, कानात ब्लूटूथ. वाजवताना मस्त वाटत होतं पण नंतर ऐकलं तर माझी पेटी गिटारच्या मागून धावतेय, लोकल सुटल्यावर पळणाऱ्या माणसासारखी. सूरही किंचित वर, आणि अंतऱ्यात शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या. तरी उत्साहात पब्लिश करून बसलो. त्याचं उत्तर नाही, आता लाज वाटतेय, काढून टाकू का? आणि भजनासारखं एकाच वेळी बसून वाजवायची सोय नाही का कुठे?

रात्रपाळी:
ब्लूटूथ काढ आधी!! त्यात आवाज १००-२०० मिलीसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलीसेकंदांची, म्हणजे तू पाव मात्रा मागे असणारच, हाताचा दोष नाही. वायरवाला हेडफोन लाव. आत्ताचा ट्रॅक थोडा डावीकडे सरकवून बघ, बहुतेक जागेवर येईल. बाकी मी शेवटची लोकल गेल्यावर रेकॉर्ड करतो, खिडकीला गोधडी टांगून. पंखा बंद, घामाघूम.

काळी_चार:
सुराचं वेगळं आहे. गिटारवाले ट्यूनर लावून ए ४४० ला (ए हा सूर ४४० हर्ट्झवर) मिळवतात, आपल्या पेट्या कोणी कधी मिळवल्या देव जाणे, थोड्या वर-खाली असतातच. फोनवर ट्यूनर अ‍ॅप टाक आणि पेटी किती सेंट वर आहे ते बघ (शंभर सेंट म्हणजे शेजारची पट्टी), तेवढं सॉफ्टवेअरमध्ये खाली आण. आणि त्याला काळी एक सांगू नकोस, कळणार नाही, सी शार्प म्हण.

माटुंग्याचा_बेस:
एकाच वेळी थेट वाजवायला जॅम्युलस आणि सोनोबस ही सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही फुकट. पण येणारा उशीर २५-३० मिलीसेकंदच्या वर गेला की जो तो दुसऱ्याची वाट बघतो आणि लय मंदावत जाते. पुण्यातला माणूस असेल तर जमू शकतं, लंडनचा असेल तर विसर, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो, नुसतं तिथे पोचायलाच ३५ मिलीसेकंदच्या वर लागतात. नवीन आहेस तर फाईलीच पाठव. वॅव्ह फाईल पाठव, एमपीथ्री नको, एमपीथ्रीच्या सुरुवातीला थोडी शांतता चिकटते आणि ट्रॅक सरकतो. पेटी आठव्या मात्रेला येत असली तरी फाईल पहिल्यापासूनच सुरू कर, आणि बीपीएम (मिनिटाला किती मात्रा) लिहून दे.
ट्रॅक काढू नको रे, "पहिलाच प्रयत्न आहे, नीट करून टाकतो" एवढं लिही त्याला. गाणं पुढे कुठे टाकायचं झालं तर नावं कोणाची ते मात्र आधीच बोलून घ्या, माझं एकदा त्यावरून फाटलंय.

गिरगावची_पेटी:
लिहिलं त्याला आत्ताच. पण फोनला हेडफोनचं भोकच नाहीये ओ.

रात्रपाळी:
टाईप सी चा कन्व्हर्टर मिळतो, लॅमिंग्टन रोड तुला चालत आहे.

गिरगावची_पेटी:
उद्या जातो. आणि कुकर?

काळी_चार:
वहिनींना विचार डाळ कधी लावता.