पहिली बिअर चाखली, केळ्याचा वास येऊन राहिला, मदत हवी आहे

भाऊ लोकहो, घरी पहिल्यांदाच 5 लिटर बिअर लावली होती, काल बाटली उघडली तर फस्स पण नाही झालं, अन् वास? पिकलेल्या केळ्याचा! आंबट नाहीये, पण गिळल्यावर घशात गरम लागते, दोस्त म्हणे काय बे, शिकरण केली का. एल यीस्ट (एल प्रकारची बिअर आंबवायचं खमीर) होतं, ते 18 ते 22 डिग्रीत ठेवायचं असते पण नागपुरात एप्रिलमधे कूलर लावूनही खोली 30 च्या खाली येत नाही, तिथंच घोळ झाला का? बाटलीत गॅस बनावा म्हणून साखर लिटरमागे 6 ग्रॅम टाकली, बाटली भरून 4च दिवस झाले. अजून दोन आठवडे ठेवू का फेकू? अन् पुढच्या वेळी ओलं पोतं गुंडाळून पाण्याच्या टबात ठेवलं तर जमेल, का सरळ डिसेंबरचीच वाट पाहू?