मदत हवी आहे: हनीसकलच्या अर्काचं प्रमाण कसं काढायचं?

घसा खवखवला की मी हनीसकलच्या सुक्या कळ्यांचा (लोनिसेरा जॅपोनिका, चिनी वैद्यकातलं 'जिन यिन हुआ') काढा घेते. लाल-गुलाबी झुपक्यांची मधुमालती नव्हे. ही पांढरी फुलं जुनी झाली की पिवळी पडतात. चिनी औषधकोशातलं प्रमाण दिवसाला 6 ते 15 ग्रॅम आहे, मी 10 घेते.

आता काढ्याऐवजी अर्काची भुकटी आणली आहे. डब्यावर '10:1' आणि 'क्लोरोजेनिक आम्ल 25%' असं दोन्ही छापलंय, आणि इथेच घोळ आहे. 10:1 धरलं तर 10 ग्रॅम कळ्यांना 1 ग्रॅम भुकटी. पण त्याच औषधकोशानुसार कळ्यांत हे आम्ल किमान 1.5% असावं लागतं, म्हणजे 10 ग्रॅममध्ये 150 मिलिग्रॅम. त्या हिशेबाने 0.6 ग्रॅमच पुरते. विक्रेत्याला दोनदा विचारलं, उत्तर म्हणून डब्याचाच फोटो आला!

शिवाय हे आम्ल हिरव्या कॉफीच्या बियांतही भरपूर असतं, त्यामुळे नुसत्या 25 टक्क्यांवर माझा विश्वास नाही. ल्युटिओलोसाइडचा (कळ्यांतलं दुसरं ओळखद्रव्य) आकडा कुठेच नाही.

वय 41, गरोदर नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू नाही. ताप आला तर डॉक्टरकडेच जाते, त्यामुळे तो सल्ला नको.

औषधनिर्माण किंवा वनस्पतिरसायनातलं कुणी आहे का? दोन्हींतला कोणता हिशेब धरायचा, आणि भुकटी खरंच फुलांची आहे हे कळायला विक्रेत्याकडे नेमका कोणता तपासणी अहवाल मागू?