सेल फेट: नियती, भवितव्य की आणखी काही?

शेवंती
शाळकरी मुलांसाठी उंदराच्या गर्भाच्या पहिल्या ३-४ दिवसांवरचा लेख मराठीत करतेय. 'सेल फेट', म्हणजे पेशीचं पुढे काय होणार, या शब्दापाशी गाडी अडलीय. 'पेशीची नियती' लिहिलं, तर संपादक म्हणाले, हे कीर्तन नाही. शिवाय मूळ इंग्रजी लेखात पेशी आपली फेट 'निवडते' म्हटलंय. नियती कधी निवडतात का? संदर्भ असा: ८ पेशी होईपर्यंत सगळ्या सारख्याच दिसतात, मग एकमेकींना घट्ट बिलगतात. पुढे बाहेरच्यांची वार (प्लासेंटा) होते आणि आतल्यांपासून पिल्लू. काय लिहू?

तिरकीट
नियती नकोच. सटवाईनं कपाळी लिहिलेलं पुसत नाही. इथे पुसतं की! पोलंडचे जीवशास्त्रज्ञ तार्कोव्हस्की यांनी १९५९ साली दाखवलं: दोन पेशी असताना एक मारली, तरी उरलेल्या एकीपासून अख्खं पिल्लू जन्मलं.

पेट्रीडिश
'भवितव्य' लिहा. काही ढवळाढवळ केली नाही तर पेशीचं पुढे जे होतं, ती फेट. जागा बदलली तरी आता ती बदलत नाही, ही निराळी अवस्था. तिला 'निश्चिती' म्हणता येईल. दोन्ही एकच केलंत तर तो १९५९चा प्रयोग मुलांना कळायचाच नाही.
आणि 'निवडते' काढाच. आधी १९६७मध्ये तार्कोव्हस्की आणि व्रुब्लेव्हस्का यांनी मांडलं की पेशी आत सापडते की बाहेर, यावर ठरतं. मग १९८१मध्ये जॉन्सन आणि झिओमेक म्हणाले, ८ पेशी असतानाच प्रत्येकीची बाहेरची बाजू वेगळी होते, विभागताना ती कुणाच्या वाट्याला जाते ते बघा. यॅप नावाचं प्रथिन बाहेरच्या पेशींत केंद्रकात शिरतं आणि सीडीएक्स२ हे जनुक चालू करतं. आतल्यांत ते केंद्रकाबाहेरच अडवलं जातं. यात निवडलं कुणी?

मुळाक्षर
फेटचं नंतर बघू, आधी 'पेशी'च चुकीची आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थान या भागात पहिल्या महिन्यात कलल, दुसऱ्यात पिंड दिसला तर मुलगा, पेशी तर मुलगी, अर्बुद तर नपुंसक. म्हणजे पेशी हा अख्ख्या गर्भाचा आकार! हिंदीवाल्यांनी मसलला मांसपेशी आणि सेलला कोशिका ठेवलं, ते शहाणे. आपण मात्र सेलला पेशी म्हणालो आणि मसलला स्नायू. संस्कृतात स्नायू म्हणजे बांधून ठेवणारी दोरी.

तिरकीट
मग काय, पाठ्यपुस्तकं परत छापायची? रक्तपेशी शब्द माझ्या आजीला कळतो. विषय संपला.

मुळाक्षर
आजीला कळतं म्हणून बरोबर ठरत नाही.

कट्टेकरी
सरळ 'सेल फेट' लिहा की. बारावीनंतर पोरं इंग्रजीतच शिकणार.

शेवंती
इंग्रजीच ठेवायचं तर माझी गरज काय! 'भवितव्य ठरतं' असं करून बघते. पण पुढे आहे की चारच पेशी असताना त्यांच्यात थोडा 'बायस' असतो. 'पूर्वग्रह' लिहिलंय, वाचताना हसू येतं.

पेट्रीडिश
कल. 'वारेकडे कल', 'पिल्लाकडे कल'. निवडणुकीच्या निकालात म्हणतात तसं, पुढे फिरूही शकतो. हे जीवशास्त्रज्ञ झेर्निका-गोएट्झ यांच्या गटाचं म्हणणं, सगळ्यांना पटलेलं नाही, तेवढं लेखात येऊ द्या.

गोठेवाला
वार काय, आमच्याकडे जार म्हणतात. गाय व्याली की रात्रभर जार पडायची वाट बघत बसायचं, नाहीतर तीच खाऊन टाकते. वार बाईची, जार जनावराची. उंदराला वार कशी?

मुळाक्षर
जार म्हणजे संस्कृतातला जरायू. पिल्लांना जन्म देणाऱ्या प्राण्यांना जरायुज म्हणतो, त्यातला तोच. त्यात बाई-जनावर असा भेद नाही.

कट्टेकरी
आमच्या गावची सुईण बाईलाही 'जार अडली' म्हणायची.

गोठेवाला
सुईण कुठली? घाटावरची की कोकणातली?

पेट्रीडिश
एक बारकावा. बाहेरच्या पेशींपासून वारेचा फक्त गर्भाकडचा भाग होतो. आईकडचा तिच्या गर्भाशयाच्या अस्तराचा. गाईत गर्भाकडचाच भाग पडतो, आईच्या बाजूच्या गाठी तिच्याकडेच राहतात. बाईत आणि उंदराच्या मादीत मात्र अस्तराचाही काही भाग सोबत जातो.

गोठेवाला
म्हणजे जार वेगळी आणि वार वेगळी. हेच तर मी केव्हापासून सांगतोय!