दहा लाखांत जुनी सात आसनी: वयस्कर फॉर्च्युनर की तरणी हेक्सा-एक्सयूव्ही?

घाटरस्ता
मुद्दा थेट मांडतो. घरात सहा-सात माणसं, त्यांत एक-दोन ज्येष्ठ. वर्षाला 12,000 किमी, त्यातलं निम्मं पुणे-कोकण. खिशात 10 लाख. एवढ्यात दोन वाटा दिसतात. एक, 2012-13 ची टोयोटा फॉर्च्युनर 3.0 डिझेल मॅन्युअल, दीड लाख किमीच्या आसपास. दुसरी, 2017-18 ची टाटा हेक्सा नाहीतर महिंद्रा एक्सयूव्ही500, सत्तर-ऐंशी हजार झालेली.

माझं मत पहिल्या वाटेला. लॅडर फ्रेम (शिडीसारखी जाड चासी), 2982 सीसी, 171 पीएस ताकद. शिवाय जुन्या इनोव्हाचं 2.5 इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे तालुक्याच्या गावीही हात घालणारा माणूस मिळतो. हेक्सा जानेवारी 2017 ला आली आणि बीएस-6 (प्रदूषणाचे नवे निकष) लागू होताना गेली, जेमतेम तीन वर्षं. एक्सयूव्ही500 सुद्धा 2021 ला थांबली. पाच-सात वर्षं वापरायची गाडी अशी अनाथ का घ्यावी? विरोधी मतं हवीत, फक्त "बजेट वाढवा" नको.

पाना_सतरा
असहमत. "टोयोटा आहे, काही होत नाही" या एका वाक्यावर या गाड्या खपतात.

3.0 इंजिनाचं दुखणं ठरलेलं आहे. इंजेक्टरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नळीच्या) बुडाशी तांब्याची वायसर असते. ती बसकी झाली की सिलिंडरमधला जळका वायू टॅपेट कव्हरखाली (इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली) शिरतो, ऑइलमध्ये काजळी मिसळते, आणि डांबरासारखा गाळ संपमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) गाळणीवर थापला जातो. पंपाला ऑइल ओढता येत नाही. प्रेशरचा दिवा लागतो तोवर क्रँकच्या बेअरिंगचं जे व्हायचं ते झालेलं असतं. हे काही हळूहळू कळणारं दुखणं नाही. गाडी आदल्या दिवशी झकास चाललेली असते.

बघायला गेलात की इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा आणि भोकावर तळहात धरा. संथ झुळूक, थोडी वाफ लागली तर चालेल. इंजिनाच्या ठेक्यात फुस-फुस-फुस असे हबके बसले तर ती वायसर गेलीय नाहीतर पिस्टनच्या रिंगा. मग इंजिन गरम करून, आयडलवर, स्कॅनरने चारही इंजेक्टरची फीडबॅक व्हॅल्यू (त्याचं डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय तो आकडा) वाचा. अधिक-उणे 3 घन मिलिमीटरच्या आत हवी. एखादा 4 च्या पुढे असेल तर तो इंजेक्टर गेलाच असं धरून भाव करा.

दुसरी गोष्ट टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळवून ठेवणारा पट्टा. हा बदलायचा दीड लाख किमीला. म्हणून बाजारात 1 लाख 40-45 हजार किमी झालेल्या फॉर्च्युनर एवढ्या का, ते समजून घ्या. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात, हेड उतरवावं लागतं. टेन्शनर आणि आयडलरसकट (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुल्यांसकट) बदलल्याचं बिल मागा. "बदललाय हो" हे तोंडी उत्तर म्हणजे बदललेला नाही.

लाल_डबा
पानासाहेब, दुखणं ठरलेलं आहे हाच तर फायदा! वायसर बदलणं, संप उतरवून गाळणी धुणं, बेल्टचा सेट: सगळं आधीच माहीत, सगळ्याचे पार्ट बाजारात. खर्च खरा वाढतो तो इंजेक्टर बदलायचे ठरले तर. डेन्सो कंपनीचे चार नवे इंजेक्टर लाखाच्या घरात जातात. म्हणून गाडी साडेआठलाच ठरवायची आणि उरलेल्या दीडला हात लावायचा नाही.

आता तुमच्या तरण्या गाड्या. हेक्साच्या वरच्या मॉडेलला 235/55 आर19 टायर, म्हणजे 19 इंची चाकं. बाजू बुटकी, खड्ड्यात आपटली की साइडवॉलला फुगा येतो, आणि त्या मापात निवडीला वाव फार नाही. 16 इंची चाकांचं मॉडेल (235/70) मिळालं तर घ्या, दिसायला साधं पण आपल्या रस्त्यांचं. इंजिन-सस्पेन्शनचे पार्ट मिळतात, कारण 2.2 चं इंजिन सफारी स्टॉर्ममध्येही होतं. पण हेडलॅम्प, बंपर, आतली प्लास्टिकं? एक ठोकर बसली की गाडी कितीही दिवस उभी राहू शकते.

एक्सयूव्ही500 मध्ये पुढच्या सस्पेन्शनचा टकटक आवाज ठरलेला: लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश. खर्च किरकोळ, पण परत परत. 2011-13 च्या सुरुवातीच्या गाड्या तर बघूही नका. 2015 च्या फेसलिफ्टनंतरचीच.

मागची_सीट
तुम्ही सगळे बॉनेटखाली डोकं घालून बसलात. सात आसनी घेताय ना? मग तिसऱ्या रांगेत कोण बसणार ते बघा.

जुन्या फॉर्च्युनरच्या तिसऱ्या रांगेत सीटखालची जमीन उंच, त्यामुळे मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी येतात. घडी करायची तर दोन्ही अर्ध्या सीटा बाजूला उचलून लटकवायच्या, म्हणजे डिकीची रुंदी गेली. पायरी एवढी उंच की आजींना चढताना रोज कुणीतरी हात द्यायला हवा. एक्सयूव्ही500 ची तिसरी रांग फक्त मुलांची, आणि सगळ्या सीटा उभ्या असताना डिकी 93 लिटर. दोन पिशव्या आणि आंब्याची पेटी एकत्र बसत नाहीत. या तिघींत मोठी माणसं तिसऱ्या रांगेत तासनतास बसू शकतील अशी हेक्सा एकटीच, आणि मागच्यांना एसीची झोतं वेगळी आहेत.

स्कॉर्पिओचं नाव अजून कुणी काढलं नाही म्हणून आधीच सांगते. समोरासमोर आडव्या सीटांची स्कॉर्पिओ किंवा सफारी स्टॉर्म कुटुंबासाठी नकोच. त्या आडव्या सीटेवर माणूस बाजूने फेकला जातो, पट्टा धड काम करत नाही. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅपने (गाड्यांच्या अपघात चाचण्या घेणारी संस्था) एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आपटून बघितली तेव्हा शून्य तारे मिळाले होते. घ्यायचीच तर पुढे तोंड असलेल्या सीटांची आणि दोन एअरबॅगवाली.

गाडी बघायला घरच्या सगळ्यांना न्या. मागे बसवून वीस मिनिटं फिरवा. विक्रेता कुरकुरला तर कुरकुरू दे.

घाटरस्ता
@मागची_सीट, तिसऱ्या रांगेचं मान्य. पण सातही जण वर्षातून किती दिवस एकत्र जातात? दोनशे दिवस चार जणच असतील तर मी इंजिनच बघणार. आणि मागे सीट चांगली असून गाडी कशेडी घाटात उभी राहिली तर त्या सीटेचं काय लोणचं घालायचं?

मागची_सीट
चारच जण असतील तर मुळात सात आसनी कशाला? हॅचबॅक घ्या आणि गणपतीला गाडी भाड्याने आणा. सोपं आहे.

क्रिस्टाप्रेमी
एसयूव्ही या शब्दाचा हट्ट सोडला तर इनोव्हा क्रिस्टा 2.4 हे एकच उत्तर. 2016 नंतरच्या या इंजिनाला बेल्ट नाही, चेन आहे.

पाना_सतरा
क्रिस्टाला नाव ठेवायला जागा कमी, पण 10 लाखांत मिळणारी क्रिस्टा बहुतेक वेळा पिवळ्या पाटीवरून पांढऱ्यावर आलेली, म्हणजे टॅक्सीची खासगी केलेली असते. मीटर 90 हजार दाखवतं आणि ड्रायव्हरच्या सीटेचा दरवाजाकडचा काठ चेपलेला. ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, किंवा एवढ्या जुन्या गाडीत नवंकोरं, दोन्ही वाईट. टायरवरचा चार आकडी कोड बघा: 2318 म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. 60 हजार चालल्याचं सांगतात आणि टायरचा तिसरा सेट असतो, मग हिशेब जुळत नाही. सगळ्यात खात्रीचं म्हणजे चासी नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढून घ्या. मालकाला सोबत न्या, नाहीतर देत नाहीत.

आरसीबुक
कागदांकडे कुणाचं लक्षच नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

स्वस्त फॉर्च्युनर दिसली की पाटी बघा. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेलवर बंधनं आली (2015 ला हरित लवाद, 2018 ला सर्वोच्च न्यायालय) तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे येतात. भाव दीड-दोन लाखांनी कमी असतो. पण तिथून ना-हरकत (फॉर्म 28) आणायचं, इथे नव्या नंबरसाठी फॉर्म 27, मालकी बदलाला 29 आणि 30, वर महाराष्ट्राचा रस्ता कर. डिझेलला मूळ किमतीवर 13 ते 15 टक्क्यांचा टप्पा, त्यातून वयाची सूट वजा. फॉर्च्युनरची मूळ किंमत वीस लाखांच्या पुढची, म्हणजे सूट जाऊनही आकडा बोचणारा. स्वस्ताईचा बराच भाग तिथेच गळतो.

दुसरं वय. 2013 च्या गाडीचं आरसी 2028 ला संपतं. पुढे फेरनोंदणी पाच-पाच वर्षांची, तपासणी आणि पर्यावरण कर भरून. घाटरस्ता "पाच-सात वर्षं" म्हणतात, तर ही भानगड त्यांच्याच काळात येणार. हेक्सावाल्याला ती 2032-33 पर्यंत नाही. धाग्यातला सगळ्यात मोठा फरक मला हाच वाटतो.

बाकी: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 (बोजा उतरल्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. थकलेली ई-चलनं विक्रेत्याने भरायची. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी बसली आहे का ते बघा. विमा 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज टाका. विक्रेत्याची नो क्लेम सूट (विम्याचा दावा न केल्याबद्दलची) तुम्हाला मिळत नाही, तो फरक भरावा लागतो.

लाल_डबा
@आरसीबुक, फेरनोंदणीचा बाऊ नको. धड सांभाळलेली गाडी तपासणीत पास होते. आणि 2030 ला विकायला काढली तर हेक्साला कोण विचारणार?

पाना_सतरा
विकायचा भाव आज ठरवून गाडी घेऊ नका, डिझेलचं तोपर्यंत काय होईल कुणास ठाऊक. आजचा हिशेब करा. फॉर्च्युनर 10 चं ॲव्हरेज, एक्सयूव्ही 13 चं धरा. 12,000 किमीला 1,200 लिटर विरुद्ध 923. लिटरला 90 रुपये धरले तरी वर्षाला 25 हजार रुपयांचा फरक. त्यात फॉर्च्युनरचे 265/65 आर17 टायर महाग.

आणखी एक, मॉडेल कुठलंही असो. ऑगस्ट 2019 ला सांगली-कोल्हापूर आणि जुलै 2021 ला महाड-चिपळूण पाण्याखाली होतं. त्या गाड्या पुसून-पासून कधीच बाजारात आल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसते. तो भाग रोज बाहेर येत नाही, म्हणून धुवायचा राहतो. पुढच्या सीटेखाली रुळाच्या बोल्टवर गंज, स्पीकरच्या जाळीमागे गाळ, डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट थर. यातलं एक दिसलं तरी उठून चालू पडा, भाव करत बसू नका.

अलिबाग-रत्नागिरीकडची लॅडर फ्रेमची गाडी असेल तर मागच्या चाकांच्या वरची चासी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टण्ण वाजली पाहिजे. भद् आवाज आला किंवा खाली नुकताच काळा रंग मारलेला दिसला, तर त्या रंगाखाली काय आहे ते विचारा.

घाटरस्ता
फॉर्च्युनर अजून डोक्यातून जात नाही, पण साडेआठच्या वर देणार नाही आणि बेल्टचं बिल नसेल तर आठच्या वर नाही. 2028 चा मुद्दा मात्र लागला. 16 इंची चाकांची हेक्साही बघून घेतो. पाना, गाडी किती वाजता बघावी?

पाना_सतरा
सकाळी सातला, आणि आदल्या रात्री निरोप द्या की चालू करून ठेवू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, तासभर गप्पा मारा, आणि परत दुसऱ्या दिवशी या.