नव्या पदवीधर इंटिरियर डिझायनरने सुरुवात कुठून करावी?

पदवीनंतर नोकरी करावी की स्वतंत्र कामे घ्यावीत, या प्रश्नावर काहींनी असे सुचवले आहे की थ्रीडी चित्रे उत्तम जमत असतील तर थेट व्यवसाय सुरू करावा. मला हे पटत नाही. चित्रांमुळे काम मिळते, परंतु ते ठरलेल्या खर्चात पूर्ण करण्यासाठी सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि रंगारी यांच्या कामांचा क्रम ठाऊक असावा लागतो, आणि तो साइटवर उभे राहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. 8 बाय 4 फुटांच्या प्लायवुडमधून कमीत कमी तुकडे वाया जातील अशी कपाटाची मापे काढणे, सिंकखाली आयएस 710 दर्जाचे, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन प्लायच वापरण्याचा आग्रह धरणे, फॉल्स सीलिंग बंद होण्यापूर्वी वायरिंग तपासून घेणे, हे सारे साइटच शिकवते. म्हणून पहिली एक-दोन वर्षे लहान कार्यालयात काढावीत, कारण तिथे मोजमापापासून बिलांच्या पडताळणीपर्यंत सगळे हाताखालून जाते. मुंबईत असाल तर लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन दर स्वतः लिहून घ्या.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. इंटिरियर डिझायनरला मात्र अशी नोंदणी लागत नाही. तरीही भिंत पाडायची असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय आणि सोसायटीची परवानगी हातात आल्याशिवाय कामाला हात लावू नये, ग्राहकाने कितीही घाई केली तरी.