मदत हवी आहे: निविदेचे भाग पाडायचे, पण ‘कामाचे तुकडे पाडले’ असा आक्षेप येऊ नये यासाठी काय करावं?

नमस्कार मंडळी,

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या खरेदीत त्या-त्या भागातल्या छोट्या उद्योगांना वाव कसा मिळेल, यावर मी एक टिपण तयार करतोय. खरेदी विभागात काम केलेले किंवा स्वतः निविदा भरणारे कुणी इथे असतील, तर मार्गदर्शन हवं आहे.

‘स्थानिकांना प्राधान्य द्या’ एवढं लिहून भागत नाही. अनेक ठिकाणी ते कायद्यात बसत नाही, शिवाय स्पर्धा आटली की दर चढतात. माझ्या मते खरी अडचण निविदेच्या आकारातच आहे. वर्षभराचा सगळा माल एकाच ठेक्यात मागवला की उलाढालीची अट (पुरवठादाराची वर्षाची विक्री किमान किती हवी) मोठी होते, अनामत रक्कम वाढते आणि चोख काम करणारा छोटा पुरवठादार दारातच अडतो. काम मिळालंच, तरी बिल निघेपर्यंत त्याचं खेळतं भांडवल संपतं.

इंग्लंडमधल्या प्रेस्टनबद्दल वाचलं. तिथल्या मोठ्या सार्वजनिक संस्थांनी आधी आपला पैसा जातो कुठे, हे तपासलं. २०१२-१३ मध्ये त्यांच्या खरेदीतला जेमतेम ५ टक्के पैसा शहरातल्या पुरवठादारांकडे जात होता. २०१६-१७ पर्यंत तो १८.२ टक्क्यांवर गेला. हे मला फार आश्वासक वाटतं, कारण सुरुवात हिशेब तपासण्यापासून झाली.

युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशात तर मोठ्या ठेक्याचे भाग पाडले नाहीत, तर का नाही याचं कारण नोंदवावं लागतं. उलाढालीची अटही सहसा ठेक्याच्या अंदाजित रकमेच्या दुपटीपलीकडे नेता येत नाही. मात्र कुठली खरेदीपद्धत लागू होते हे ठरवताना सगळ्या भागांची रक्कम एकत्र धरायची, हा मूळ नियम.

माझी शंका इथेच आहे. प्रत्येक तुकडा निविदेच्या रकमेच्या मर्यादेखाली ठेवून जाहीर निविदा टाळण्यासाठी कामाचे तुकडे पाडणं हा लेखापरीक्षणातला नेहमीचा आक्षेप. एकूण रकमेची एकच जाहीर निविदा काढून, आत मालानुसार किंवा प्रभागानुसार भाग ठेवले आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र दर मागवले, तर तो आक्षेप टिकतो का? फाइलवर नेमकं कोणतं कारण नोंदवलेलं असावं? आणि उलाढालीची अट त्या-त्या भागाच्या रकमेवर ठेवता येते, की एकूण रकमेवरच ठेवावी लागते?

ज्यांनी प्रत्यक्ष अशी निविदा काढली किंवा भरली आहे, त्यांचा अनुभव जरूर लिहा. कुठल्या देशातला, राज्यातला नियम आहे तेही सांगा.